पान्हा

आमच्या आणि काकूंच्या अंगणामध्ये मेंदीची वई आहे. लावली काकूंनी, छाटते मी, आणि तिला मधोमध जे खिंडार पडलंय ते दोघींच्या कोपरांनी मिळून पाडलंय. सकाळी सातच्या सुमारास काकू चरवी घेऊन त्या खिंडारापाशी येतात, माझ्या पातेल्यात अर्धा लिटर ओततात आणि काल दिवसभरात पालममध्ये काय काय झालं ते सांगून जातात. दुधाचे पैसे महिन्याला, बातम्या फुकट.

गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी चरवी आली ती वाजत आली. रिकामी.

"का ओ काकू, दूध न्हाई आज?"

"कुठलं दूध माय! कालधरनं कंधारी पान्हावंना. तात्या बसले होते धारंला. पहिली लाथ गुडघ्याला, दुसरी चरवीला."

"तुम्ही कामून न्हाई बसलात?"

"मी बाळंतिणीपाशी न्हाई का! आन् तिला सवय मपल्या हाताची. त्यात त्या कोपऱ्यावरच्या पोट्ट्यांचा डॉल्बी. धाड् धाड् धाड्! गोठ्याचे पत्रे हादरायलेत, गाय कशी उभी राहील?"

काकूंची गाय लाल कंधारी. नांदेडकडच्या कंधारचं नाव लागलेली ही जात आमच्या भागात घरोघर. दूध थोडं, बैल चांगले, आणि मान अशी की वासराशिवाय थेंब द्यायची नाही. काकू तिच्याशी जितक्या मऊ बोलतात तितक्या तात्यांशीही बोलत नाहीत. हे मी तात्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे.

तेवढ्यात तात्याच आले. हातात करंगळीएवढी बाटली, तिच्यावर ना नाव, ना तारीख. "सिस्टर, एक सुई हाय का तुमच्याकडं? बाजारातून पान्ह्याचं औषध आणलंय. टोचलं की दोन मिनिटांत मोकळी होती म्हणं."

मी तीस वर्षं सिस्टर म्हणून नोकरी केली. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, पण अजून लोक वईवरून मला जीभ काढून दाखवतात आणि डिस्चार्जचे कागद वाचायला देतात. सुई मात्र मी घरात ठेवत नाही.

"तात्या, ठेवा ते खाली. त्यात काय आहे ते मला विचारा. हेच औषध मी आयुष्यभर बायांना दिलंय."

"बायांना? पान्ह्याचं?"

"बाळंतपणात. ऑक्सिटोसिन म्हणतात त्याला. बाळ बाहेर आलं की मिनिटाच्या आत आईच्या मांडीत दहा युनिट. त्यानं गर्भपिशवी आवळते आणि रक्त थांबतं. ते नसतं तर माझ्या हातावर किती बाया गेल्या असत्या, मोजता आल्या नसत्या."

तात्यांनी बाटलीकडं असं बघितलं, जणू तिनं त्यांना फसवलंय. गाय आणि बाई यांना एकच औषध, हे त्यांना पटेना. काकूंना मात्र लगेच पटलं. "मंग! आई ती आईच की!"

आता तात्या उकिडवे बसलेच होते, म्हणून सांगितलं. गाईच्या कासेत दूध आटलेलं नसतं. ते वर, डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक पिशव्यांमध्ये अडकून असतं. वासरानं सडाला तोंड लावलं, डुशी मारली, की ती खबर कासेतल्या नसांमधून पाठीच्या कण्यावाटे मेंदूला जाते. मेंदूच्या बुडाशी हरभऱ्याएवढी एक ग्रंथी लोंबत असते, पियूषिका. ऑक्सिटोसिन बनतं तिच्या वरच्या मजल्यावर आणि साठून राहतं तिच्यात. खबर पोचली की पियूषिका ते रक्तात सोडते. रक्तातून ते फिरत फिरत कासेपाशी येतं, त्या बारीक पिशव्यांभोवती स्नायूंची जाळी असते ती आवळतं, आणि दूध सडात उतरतं. सगळं मिळून मिनिटभराचं काम. पण रक्तात हे औषध टिकतं काही मिनिटंच. म्हणून काकू एकदा धारेला बसल्या की मधे उठत नाहीत, कुणाला 'ओ' देत नाहीत, आणि पाच-सात मिनिटांत चरवी फेसाळून मोकळ्या होतात. त्यांना कुणी पियूषिका शिकवली नव्हती.

"आन् डॉल्बीनं काय होतंय मंग?" काकू.

"भ्यायली की दुसरीच ग्रंथी जागी होते. दोन्ही गुर्द्यांवर टोपीसारख्या दोन असतात. त्या ॲड्रेनलिन सोडतात. म्हणजे पळ काढ, नाहीतर लाथ मार. पळायच्या वेळेला कुणी दूध पाजत बसतं का? ॲड्रेनलिन कासेकडचं रक्त कमी करतं आणि पान्ह्याला आडवं येतं."

"म्हंजे गाय वाईट न्हाई, डॉल्बी वाईट."

"आणि तात्यांचा हात."

तात्यांनी हे ऐकलं नसल्यासारखं केलं. वर, "समदे टोचतात, त्याला काय होतंय," असंही म्हणाले. तेव्हा सांगावं लागलं की जास्त दुधासाठी जनावराला सुई टोचणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. असल्या लेबल नसलेल्या बाटलीत किती ताकदीचं काय भरलंय ते देवालाही ठाऊक नसतं. शिवाय रोज टोचलं की गाय सुईलाच पान्हावायला शिकते. जनावरांच्या याच गैरवापरामुळं २०१८ मध्ये केंद्र सरकारनं खाजगी कंपन्यांना ऑक्सिटोसिन बनवायला बंदी घातली होती. बाळंतिणींचं औषध तुटेल म्हणून आरडाओरडा झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं ती बंदी रद्द केली. दूध पिणाऱ्याच्या अंगात मात्र ते उतरतं ही भीती फुकाची. ते नऊ मण्यांची पोत आहे, अमिनो आम्लांच्या नऊ मण्यांची. पोटात गेली की पचून मणी सुटे होतात. ही पोत अमेरिकेतल्या दु विन्यो नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १९५३ साली प्रयोगशाळेत ओवली आणि दोन वर्षांनी नोबेल घेतलं. त्याच्याही आधी, १९०६ साली, हेन्री डेल या इंग्रज शास्त्रज्ञाला दिसलं होतं की पियूषिकेच्या अर्कानं मांजरीची गर्भपिशवी आवळते. नावाचा ग्रीक अर्थच मुळी झटपट बाळंतपण.

"मांजरीची!" काकू म्हणाल्या. "लोकांना काय काय सुचतंय."

तात्यांनी बाटली खिशात घातली. पुढं तिचं काय झालं ते मी विचारलं नाही.

खरी बातमी काकूंच्या पोटात वेगळीच होती, आणि ती तात्या गेल्याशिवाय निघणार नव्हती. ते गेल्याबरोबर काकूंनी वईतून अर्धं अंग इकडं घातलं.

"सिस्टर, सुनेलाबी दूध न्हाई."

सून पाच दिवसांची बाळंतीण. दुसरं बाळंतपण म्हणून माहेरी न जाता इथंच. गावातल्याच सरकारी दवाखान्यात नीट सुटली. दुसरीही मुलगीच.

"पहिलीच्या टायमाला धारा लागल्या होत्या. आता लेकरू वरडायलंय आन् हिला काय येईना. अळिवाची खीर दिली, डिंकाचा लाडू दिला, बाळंतशोपा दिली. म्या म्हणलं, मनातच न्हाई तिच्या. पावडरचा डबा आणावा का?"

"घरात सध्या कोण कोण आहे?"

"कोण म्हंजे? मपली नणंद आली, तिच्या दोघी लेकी. विहीणबाई. गल्लीतल्या समद्या बाया येऊन जायल्यात. समाधानाला."

समाधानाला. हा शब्द आमच्याकडं माणूस गेल्यावर वापरतात. मुलगी झाल्यावर तो कसा आला ते मी काकूंना विचारलं नाही, कारण त्यांनाही तो बोलल्यावर ऐकू आला होता. त्या मेंदीची पानं खुडायला लागल्या.

मग मी विचारलं, "गाईसाठी काय करणार आज?"

"काय करणार! तात्याला बाजूला करीन. वासरू लावीन. पोट्ट्यांना सांगून आलेय, धारंच्या टायमाला डॉल्बी बंद. हात फिरवीन जरा तिच्या गळ्याखाली."

"आणि सुनेसाठी?"

काकू काही बोलल्या नाहीत. मला जे म्हणायचं होतं ते एवढंच होतं, आणि ते मी तीस वर्षं वेगवेगळ्या ओसऱ्यांवर म्हणत आलेय. आपल्या लोकांना ग्रंथींचं सगळं कळतं, पण गोठ्यात. गोठ्यातून घरात येताना उंबऱ्यावर ते ज्ञान चपलेसारखं काढून ठेवतात.

बाईचं गणित गाईपेक्षा थोडं मोठं आहे, पण रीत तीच. दूध तयार करतं ते प्रोलॅक्टिन, तेही पियूषिकेचंच. ते तयार झालेलं दूध खाली आणतं ते ऑक्सिटोसिन. बाळ जितकं चोखेल तितकं प्रोलॅक्टिन वाढतं, म्हणजे मागणी तसा पुरवठा. पावडरचा डबा आला की बाळाचं पोट भरतं, ते चोखत नाही, पियूषिकेला वाटतं गिऱ्हाईक गेलं, आणि दुकान मिटायला लागतं. रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं चुकवायचं नाही. आणि जिला पाजताना चार जणी बघतायत, एक जण "अरेरे" म्हणतेय आणि एक जण छातीकडं बघून "काहीच नाही की गं" म्हणतेय, तिच्या गुर्द्यांवरच्या टोप्या दिवसभर डॉल्बीच ऐकत असतात.

"लेकराला तिच्या उघड्या छातीवर निजवा, कातडीला कातडी लागू द्या. दार ओढून घ्या. नणंदबाईंना म्हणावं, आठ दिवसांनी या. आणि चोवीस तासांत किती लंगोट ओले होतात ते मोजा. सहाच्या वर गेले की दूध पुरतंय. सहाच्या खाली राहिले, किंवा लेकरू मलूल वाटलं, तर माझ्याकडं नको, दवाखान्यात न्या."

"लंगोट मोजू?"

"चरवी मोजता ना?"

इतक्यात समोरच्या गल्लीतली वहिनी आली. तिला वईपर्यंत यायचं नव्हतं, कारण काकूंकडं सोयर; ती रस्त्यातूनच खुणा करत होती. महालक्ष्म्या तोंडावर, आणि तिची तारीख नेमकी जेवणाच्या दिवशी. दरवर्षी मेडिकलवाला एक पट्टी देतो, यंदा दुकान बंद. माझ्याकडं आहे का?

मराठवाड्यात महालक्ष्म्यांच्या आठवड्यात आणि लग्नाच्या तिथींना ही गोळी शेंगदाण्यासारखी खपते. काय आहे ती, असं मात्र कुणी विचारत नाही. दर महिन्याला बीज सुटल्यावर अंडाशय प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक बनवतं. ते गर्भपिशवीच्या आतलं अस्तर धरून ठेवतं, पाहुणा येईल म्हणून अंथरूण घालून ठेवावं तसं. गर्भ राहिला नाही की प्रोजेस्टेरॉन घसरतं, अंथरूण गुंडाळलं जातं, पाळी येते. गोळीत त्याच संप्रेरकाचा भाऊ असतो. तारखेच्या तीनेक दिवस आधी सुरू केली तर अस्तर टिकून राहतं, बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते.

"म्हंजे पाळी जात न्हाई, दारात उभी राहती," काकू म्हणाल्या.

बरोबर. पण वहिनींना बीपी आहे आणि मागं एकदा पायात गाठ होऊन दवाखान्यात राहिल्या होत्या. अशा बाईनं ही गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय तोंडात घालू नये, रक्ताच्या गाठीची भीती असते. मी नाही म्हणाले. वहिनी रागावून गेल्या. महालक्ष्म्यांच्या पुरणावरचं माझं आमंत्रण तिथंच बुडालं.

काकूंची पुतणी आली ती मागच्या बाजूनं, हातात प्लास्टिकची पिशवी. हिची कथा सांगताना मी नेहमी थांबते, कारण ती हसवत हसवत सांगता येत नाही. वय चौतीस. नवरा-बायको दोघं ऊसतोडीला जातात, म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल याच दिवसांत मिळते, दसरा-दिवाळीनंतर टोळ्या सुटतात, आणि पार उन्हाळा चढेस्तोवर कोपीत राहायचं. पहाटे अंधारात फडात, डोक्यावर मोळी, पाळी असो नसो. एक दिवस काम बुडालं की खाडा, पैसे कापले. अंगावरून पांढरं जातंय म्हणून सत्ताविसाव्या वर्षी ती एका खाजगी दवाखान्यात गेली होती. तिला सांगितलं, पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल. दोन लेकरं होतीच. काढून टाकली.

पिशवीतला तो जुना कागद तिनं पहिल्यांदाच मला दाखवला. गर्भपिशवीबरोबर दोन्ही बाजूंची अंडाशयंही काढलेली होती. तिला ते ठाऊकच नव्हतं.

"सिस्टर, अंगातून वाफा निघायल्यात. थंडीतबी. झोप न्हाई. कंबर गेली. मागल्या साली नुसती घसरले तर मनगट मोडलं. लोकं म्हणतेत अंगात आलंय."

कुणी अंगात आलेलं नाही. तिच्या अंगातून गेलंय. अंडाशय म्हणजे नुसतं बीजाचं कोठार नाही, ते इस्ट्रोजेनचा कारखाना आहे, आणि इस्ट्रोजेन हाडांचा राखणदार. पन्नाशीच्या आसपास हा कारखाना हळूहळू मंदावतो, शरीराला सवय व्हायला वर्षं मिळतात. हिचा एका दुपारी बंद झाला. मेंदूतला तापमानाचा काटा बिघडतो म्हणून वाफा येतात, हाडं लवकर विरतात, हृदयाचीही काळजी वाढते. नुसती गर्भपिशवी काढून अंडाशयं ठेवली तरी ती काही वर्षं लवकर थकू शकतात. दोन्ही काढली तर वाटच बघायची नसते.

२०१९ साली शेजारच्या बीड जिल्ह्यातली ही गोष्ट देशभर गाजली. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, आरोग्य खात्यानं ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली, आणि त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. दर सहा बायांमागं एक. पालम, गंगाखेडच्या टोळ्याही त्याच फडांत जातात, त्याच कोप्यांत राहतात. आमच्याकडं मोजायला गेलं तर आकडा काय निघेल, याचा विचार मी रात्री करत नाही.

काकू बराच वेळ गप्प होत्या. मग एकदम म्हणाल्या, "आमचा गोऱ्हा खच्ची करायचा होता तर तात्यांनी चार जणांना विचारलं. दवाखान्यातला डॉक्टर दोनदा येऊन बघून गेला. लवकर केला तर मान भरत न्हाई, वशिंड धरत न्हाई, म्हणून थांबले. आन् या पोरीला दुपारी नेली आन् दुपारीच..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मला पुरं करायची गरज नव्हती. खच्ची केलेला बैल का शांत होतो, त्याचा खांदा का वेगळा भरतो, हे शेतकऱ्याला हजारो वर्षं माहीत आहे. शास्त्राला ते १८४९ साली समजायला लागलं, तेही कोंबड्यांकडून. जर्मनीतल्या ग्योटिंगेनमध्ये बर्थोल्ड नावाच्या प्राध्यापकानं सहा कोवळे कोंबडे घेतले आणि त्यांचे वृषण काढले. ज्यांचे काढलेलेच राहिले त्यांना ना तुरा आला, ना बांग. बाकीच्यांच्या पोटात एकेक वृषण परत बसवला, जुन्या नसा जोडल्याशिवायच, आणि ते रुबाबात आरवायला लागले. म्हणजे निरोप रक्तातून जातो. अशा निरोप्याला 'हॉर्मोन' हे नाव मिळायला १९०५ साल उजाडलं. स्टार्लिंग या इंग्रजानं ग्रीकमधून उचललेला शब्द, अर्थ चालना देणारा. आपल्याकडं त्याचं संप्रेरक केलं. शब्द चांगला आहे, पण एस.टी.च्या गर्दीत कुणी तो वापरत नाही.

पुतणीला म्हटलं, नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात स्त्रीरोग विभागात जा, हा कागद घेऊनच जा. पंचेचाळीसच्या आत अंडाशयं गेली असतील तर तपासण्या करून इस्ट्रोजेनच्या गोळ्या देता येतात, हाडांसाठी कॅल्शियम-ड जीवनसत्त्व देतात. उचल घ्यायच्या आधी जा.

"उचल घेतली की," ती म्हणाली.

"घेतलीस?"

"परवा."

तिला चहा दिला. वईवरूनच. चहा बघून काकूंना आठवण झाली. पदरातून गोळ्यांची बाटली काढली, एक गोळी जिभेवर ठेवली आणि माझ्याच कपातला घोट घेतला.

"काकू! थायरॉईडची ना ती? चहाबरोबर?"

"कशाबरबर का घेईना, पोटात जाती ना."

नाही जात. म्हणजे पोटात जाते, रक्तात पुरती जात नाही. चहा-कॉफी, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या, आणि आमच्याकडं घरोघरी झालेलं सोयाबीन, सगळी तिला अडवतात. सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि चहा अर्ध्या-पाऊण तासानं. कॅल्शियम आणि लोहाला चार तासांचं अंतर. काकूंनी तर मधे दोन महिने ती बंदही केली होती, कारण "रिपोर्ट नॉर्मल आला की". गोळीमुळंच नॉर्मल आला होता.

"परत वाढलाय म्हणं मपला थायराईड. रिपोर्टात आकडा चौदा. मंग जास्त झालं असल तर गोळी कशाला?"

हा घोळ शिकलेल्यांचाही होतो. मी सांगायला तोंड उघडलं, तर पुतणीनंच माझं काम केलं. मी तिला विचारलं, "टोळी नीट तोडत असली तर मुकादम काय करतो?"

"बिड्या फुकीत बसतो."

"आणि ऊस निघेना झाला की?"

"वरडतोय. दिवसभर वरडतोय."

तो चौदाचा आकडा मुकादमाच्या ओरडण्याचा आहे. टीएसएच पियूषिका सोडते, मेंदूतून. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी म्हणजे टोळी; ती थकली, रस कमी निघायला लागला, की पियूषिका ओरडते आणि आकडा चढतो. गोळीनं रस भरून निघाला की मुकादम गप्प. म्हणून टीएसएच जास्त म्हणजे थायरॉईड कमी. ओरडून ओरडून कधी कधी टोळी सुजते, त्याला गलगंड म्हणतात. आणि टोळीला कोयताच नसला तर? थायरॉईडचा कोयता म्हणजे आयोडीन. दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं, गरोदर बाईला २५०. एवढंसं, पण ते नसलं तर रस बनतच नाही. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामींनी एका भागाला आयोडीनचं मीठ, दुसऱ्याला साधं, असं वर्षानुवर्षं देऊन दाखवलं की मिठानंच गलगंड उतरतो. त्यावरून १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला. आज देशात खायचं मीठ आयोडीनशिवाय विकता येत नाही. काकूंचं मीठ मात्र चुलीशेजारी उघड्या वाडग्यात. ओल आणि धग लागली की त्यातलं आयोडीन उडून जातं.

काकूंचा थकवा, वाढलेलं वजन, घोगरा आवाज, थंडी वाजणं, आणि तात्यांवर खेकसणं, हे सगळं त्या इतके दिवस वयावर ढकलत होत्या. खेकसणं तेवढं ग्रंथीमुळं आहे याची मी हमी देत नाही.

"आन् तात्यांची शुगर? ते तर काडी हायत."

काडीच तर फसवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे मित्र डॉ. युडकिन यांनी २००४ साली आपला दोघांचाच फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला होता. दोघांची उंचीच्या हिशेबातली जाडी अगदी सारखी, बीएमआय २२.३; अंगातली चरबी मात्र युडकिनच्या ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपली माणसं बारीक दिसतात आणि आतून, पोटात, लठ्ठ असतात. अशा अंगात इन्सुलिनचं पेशी ऐकत नाहीत. स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन पाठवतं आणि शेवटी दमतं. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये गरोदर बाया आणि त्यांची लेकरं बघितली, तर ही लक्षणं जन्मतःच होती. पोटात असताना जे उपाशी राहिलं, त्याच्या अंगानं साठवायची सवय लावून घेतली. तात्यांचा जन्म कुठल्या साली आणि किती दुष्काळात झाला ते काकूंना विचारायला हवं. पण तेवढ्यात घरातून बाळ रडलं आणि त्या गेल्या.

दोन दिवस चरवी आलीच नाही. तिसऱ्या दिवशी बघते तर काकूंच्या ओसरीवर तात्या काठी घेऊन बसलेले. माझ्यादेखत त्यांनी दोन पाहुण्यांना रस्त्यातूनच परत लावलं: "बाळ-बाळंतीण निजलेत. पुढल्या बुधवारी या." खिडकीला जुन्या नऊवारीचा पडदा. गोठ्यात काकू स्वतः धारेला, कपाळ गाईच्या कुशीला टेकलेलं, वासरू बाजूला बांधलेलं, तोंडाला फेस.

साडेसातला त्या खिंडारापाशी आल्या.

"काल सात," म्हणाल्या. मला क्षणभर कळेना. "लंगोट ओ! सात वल्ले. आन् गोळी घेतली पाण्यासंगट, चा अजून पेले न्हाई, डोकं दुखायलंय त्यानं. पातेलं धरा."

मी पातेलं धरलं. काकूंनी पावशेर ओतलं आणि चरवी सरळ केली.

"आज एवढंच. बाकीचं सुनेच्या खिरीला."

महिनाअखेरीला हिशेब केला, तर तो दिवसही त्यांनी अर्धा लिटरच लावला होता.